वाकायला पुन्हा शिकताना : खेळाडूंची कंबरदुखी आणि व्हीआरचे खेळ

वर्धा जिल्ह्यात खेळाडू म्हटले की पदक घेऊन फोटोत उभा राहिलेला मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर भागत नाही. सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली वेचणी झाली की गावोगाव रात्रीचे कबड्डी सामने रंगतात. त्यांत उतरणारा प्रत्येक जण खेळाडूच. पहाटे आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या रस्त्यांवर धावणारी भरतीची मुले-मुली हीसुद्धा खेळाडूच. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धाव, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. या ५० गुणांसाठी वर्षानुवर्षे डांबरी रस्त्यावर पाय आपटणाऱ्यांपैकी अनेकांना प्रशिक्षक नसतो, मग फिजिओ कुठला? घरी आल्यावर तेच अंग पोती उचलते, फवारणीचा पंप पाठीवर घेते. आणि एके दिवशी कंबरेत चमक निघते.

पुढचा क्रम ठरलेला. मालीश, शेक, मेडिकलमधून आणलेली गोळी, कमरेला पट्टा. उतार पडला नाही तर कोणीतरी एमआरआय सुचवतो, आणि त्या अहवालातले एखादे वाक्य घरात ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप आली’ होऊन मुक्काम ठोकते. त्या दिवसापासून मुलगा खाली वाकताना हात गुडघ्यावर टेकवू लागतो. दुखणे काही आठवड्यांत ओसरते. हात मात्र गुडघ्यावरच राहतो. हे पुस्तक त्या हाताविषयी आहे.

व्हर्च्युअल रिअॅलिटीचे, म्हणजे व्हीआरचे खेळ कंबरदुखीच्या पुनर्वसनात वापरता येतात, असे सांगितले की दोन टोकांची मते ऐकू येतात. डोळ्यांना हेडसेटची पेटी बांधून गेम खेळल्याने कंबर कशी बरी होईल, हे एक. परदेशातून यंत्र आले आहे, आता ऑपरेशन टळणारच, हे दुसरे. दोन्ही मतांच्या बुडाशी एकच समज आहे : उपचार यंत्र करते. प्रत्यक्षात यंत्र खेळाडूला वाकायला, वळायला, झेपावायला लावते आणि एवढे करूनही काही बिघडले नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा देते. उपचार व्यायामाचाच असतो आणि त्याची मात्रा फिजिओ ठरवतो. एवढी खूणगाठ बांधून पुढची प्रकरणे वाचावीत.

कंबरदुखी हे एका आजाराचे नाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यांत खेळाडूंची कंबर वेगळी, आणि प्रत्येक खेळाची आणखी वेगळी. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना कंबर एकाच वेळी मागे झुकवतो, बाजूला कलवतो आणि पिळतो. हजारो चेंडूंनंतर खालच्या मणक्याच्या मागच्या कमानीतले चिंचोळे हाड थकते आणि त्याला तडा जातो. हा तडा बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला सापडतो. पाठीच्या दुखण्यामुळे जसप्रीत बुमराहला २०२२च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकाला मुकावे लागले, मार्च २०२३मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध तो परतला. त्याआधी जानेवारी १९९९मध्ये चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकर दुखरी पाठ घेऊन झुंजत होता. तो १३६ धावांवर बाद झाला आणि भारत १२ धावांनी हरला. खेळाडूची पाठ म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

आपल्या मातीतल्या खेळांचा भार आणखी निराळा आहे. कबड्डीत चढाई करणारा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत पुढेमागे सरकतो आणि त्याच अवस्थेत पाय लांबवून बोनस रेषा गाठतो. पकड करणारा खाली झेपावून घोटा धरतो, आणि समोरच्याचे सगळे वजन त्याच्या कंबरेवर येते. खो-खोत पाटीवर उकिडवे बसलेले आठ जण ‘खो’ मिळताच त्याच बैठकीतून सुटतात. धावताना खांबाला धरून वळतात, सूर मारतात. कुस्तीगीर पूल करताना कंबरेची कमान करतो. गोळाफेकीत सारा जोर पायातून कंबरेत आणि कंबरेतून खांद्यात पिळून न्यावा लागतो. म्हणून ‘कंबरेचे चार व्यायाम’ असा छापील कागद सगळ्यांच्या हातात देऊन चालत नाही.

पहिले काम निदानाचे. पायातली ताकद कमी होणे, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपू न देणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर खेळबिळ बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. कंबर मागे झुकवल्यावर नेमक्या एका जागी दुखणाऱ्या किशोरवयीन खेळाडूच्या हाडाला तडा नाही ना, हे आधी पाहायचे. अशा तड्याला विश्रांतीच हवी. तिथे हेडसेट आणला तर नुकसानच होईल.

ही कारणे वगळल्यावर उरते ती बहुसंख्यांची कंबरदुखी. तिच्यात बोट ठेवावे असा एकच बिघाड सापडत नाही. एमआरआय सर्वाधिक गोंधळ घालतो तो इथेच. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत, म्हणजे ‘गाद्यां’त, झीज दिसत होती आणि ३० टक्के लोकांची चकती फुगलेली होती. यांपैकी कोणाचीही तक्रार नव्हती. अहवालात लिहिलेली प्रत्येक झीज म्हणजे दुखण्याचे मूळ, असे धरून चालणे म्हणूनच धोक्याचे. पण ‘गादी सरकली’ हे शब्द एकदा कानावर पडले की विशीतला मुलगा साठीतल्या माणसासारखा चालू लागतो.

या भीतीचे मोजमाप करता येते. ‘टाम्पा’ प्रश्नावलीत १७ विधाने असतात आणि गुण १७ ते ६८ यांच्या दरम्यान पडतात. गुण जितके जास्त, तितकी हालचालीची भीती मोठी. योहान व्हलायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या भीतीचे चक्र मांडले. दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळे झाल्याने थोड्या हालचालीतही दुखते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. खेळाडूच्या बाबतीत हे चक्र अधिक फसवे आहे, कारण तो मैदान सोडत नाही. तो खेळतो, पण कंबर वाचवून खेळतो. चढाईत अर्धा फूट कमी झुकतो, झेप घेताना एक क्षण थबकतो. प्रशिक्षकाला वाटते, फॉर्म गेला.

स्नायूंच्या बाजूनेही हेच दिसते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवून दिले की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या निमिषभर आधी त्याच्या पोटाचा सर्वांत आतला स्नायू आवळला जातो आणि मणक्याला आधार देतो. कंबरदुखीच्या रुग्णांत हा स्नायू उशिरा जागा होतो. ताकदीइतकाच प्रश्न वेळ साधण्याचाही आहे. सतरंजीवर पडून केलेल्या व्यायामाने ताकद येते. पण समोरून अचानक काही आले आणि शरीराने क्षणात उत्तर द्यायचे, हा सराव तिथे घडत नाही. खेळ नेमके तेच मागतो.

आता यंत्राकडे वळू. वेदनेवर व्हीआरचा वापर मैदानात जन्माला आला नाही, तो भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात जन्मला. अमेरिकेत सिअॅटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात हा वापर सुरू केला आणि पुढे त्यासाठी ‘स्नोवर्ल्ड’ हा खेळ तयार केला. जखमेचे ड्रेसिंग बदलताना रुग्ण हेडसेटमधून बर्फाळ दरीत उतरतो आणि समोर दिसणाऱ्यांवर बर्फाचे गोळे फेकतो. मेंदूचे लक्ष मर्यादित असते. ते दरीत गुंतले की जखमेच्या वाट्याला कमी येते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेचे ‘द्वार’ मांडले तेव्हापासून, शरीरातून येणारी प्रत्येक कळ जशीच्या तशी मेंदूत पोहोचत नाही, वाटेत तिच्यावर बरेच संस्कार होतात, हे विज्ञानाला ठाऊक होते. व्हीआरने ते डोळ्यांसमोर आणले.

पुढे घरगुती खेळयंत्रे आली. २००६चे निन्टेन्डो वी, मग त्याचा तोल मोजणारा पाट, २०१०चे शरीराच्या हालचाली टिपणारे किनेक्ट. मुलांच्या करमणुकीसाठी निघालेली ही साधने फिजिओंनी उचलली. त्यानंतर डोके वळवाल तिकडे दृश्य वळवणारे हेडसेट स्वस्त झाले, संगणकाच्या तारेतून सुटले. नोव्हेंबर २०२१मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी ‘ईझव्हीआरएक्स’ या घरी वापरायच्या व्हीआर उपचाराला परवानगी दिली. आठ आठवडे, रोज एक छोटे सत्र, अशी त्याची रचना. त्यात उड्या मारायच्या नसतात. श्वास, लक्ष आणि वेदनेविषयीची समज यांवर भर असतो. खेळाडूला याचा उपयोग होईल, पण मैदानावर परतायला तेवढे पुरणार नाही.

खेळाडूच्या कामाचे दोन प्रयोग इथे सांगायलाच हवेत. पहिला मानेवरचा आहे. डॅनिएल हार्व्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये मान दुखणाऱ्या लोकांना हेडसेट लावला आणि दृश्यात गुपचूप फेरफार केला. मान जितकी वळली त्यापेक्षा कमी वळली, असे दृश्य दाखवले तर माणसे दुखल्याशिवाय सुमारे ६ टक्के जास्त वळू शकली; जास्त वळल्याचे दाखवले तर ७ टक्के आधीच दुखू लागले. म्हणजे कुठे थांबायचे हे मानेतल्या सांध्याबरोबर डोळेही ठरवत होते. दुसरा प्रयोग कंबरेचा. अमेरिकेत जेम्स थॉमस यांच्या गटाने वाकायला भिणाऱ्या कंबरदुखीच्या ५२ रुग्णांची निवड केली आणि त्यांतल्या काहींना व्हीआरमध्ये चेंडू चुकवण्याचा खेळ दिला. खेळाची रचनाच अशी की जिंकायचे तर कंबरेतून वाकावेच लागते. रुग्ण वाकले, दुखणे वाढले नाही, खेळ त्यांना आवडला. पण हेडसेट उतरवल्यावर त्यांचे रोजचे वाकणे बदललेले दिसले नाही. २०१६मध्ये छापून आलेला हा निकाल यंत्राच्या जाहिरातीत सापडणार नाही. मला मात्र तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. व्हीआरमध्ये मिळवलेले मैदानात आपोआप उतरत नाही. ते उतरवावे लागते.

ते कसे उतरवायचे, हे एक सत्र जवळून पाहिले की कळेल. समजा, कंबर धरलेली कबड्डीपटू मुलगी आहे. फिजिओ आधी तिला ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा विचारतो, पुढे वाकल्यावर बोटे जमिनीपासून किती वर राहतात ते टेपने मोजतो. खोलीच्या मध्यावर चटई, चार बाजूंना मोकळी जागा, मागे एक सहायक उभा. तिची वेणी सोडून मानेजवळ बांधावी लागते, नाहीतर हेडसेटचा पट्टा नीट बसत नाही आणि दृश्य हलते. खेळ साधा : समोरून रंगीत ठोकळे येतात, त्यांना हाताने उडवायचे. पहिल्या फेरीत ठोकळे छातीच्या उंचीवर. दोन मिनिटे खेळ, मग विसावा, पुन्हा आकडा. दुसऱ्या फेरीत ते कंबरेवर येतात, तिसऱ्या फेरीत गुडघ्याच्या पातळीवर आणि किंचित बाजूला. तिचे लक्ष गुणांवर असते. फिजिओचे तिच्या कंबरेवर. ती कंबरेतून वाकते की नुसते गुडघे मोडते, श्वास कोंडते का, एकाच बाजूला झुकणे टाळते का, हे तो टिपतो.

सत्राचा खरा भाग यानंतर सुरू होतो. हेडसेट काढल्याबरोबर, अंग गरम असतानाच, फिजिओ तिच्यासमोर जमिनीवर चेंडू ठेवतो आणि म्हणतो, उचल. मघाशी ती जितकी वाकली होती त्याहून हे थोडेच जास्त असते. ती उचलते. मग तो चेंडू थोडा दूर, थोडा बाजूला. मग चटईवर बोनस रेषेची पट्टी, आणि पाय लांबवून तिला स्पर्श. पुढच्या आठवड्यांत हाताने हलका विरोध, मग जोडीदाराने धरलेला घोटा, मग खरी पकड. सोबतीला ताकदीचे व्यायाम चालूच : साइड प्लँक, हात-पाय आलटूनपालटून उचलण्याचा बर्ड-डॉग, नंतर वजने. हेडसेटचा वाटा यात सुरुवातीला मोठा आणि पुढे पुढे कमी होत जायला हवा. सहाव्या आठवड्यातही तोच खेळ त्याच उंचीवर चालू असेल तर ती करमणूक झाली.

वर्धा जिल्ह्यात या विषयाला जागा आहे, आणि कारण केवळ अभिमानाचे नाही. सावंगी (मेघे) येथे दत्ता मेघे उच्च शिक्षण व संशोधन संस्थेचे रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, जोडीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या अभ्यासकांनी पुनर्वसनात व्हीआरचा उपयोग हा विषय संशोधनासाठी घेतला आहे. काही किलोमीटरवर सेवाग्रामला १९६९ साली सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. शेजारच्या अमरावतीत १९१४पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. याच मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. रुग्णालय, फिजिओ आणि आखाडा एवढ्या जवळ क्वचितच सापडतात. खेळाडूंच्या कंबरेवरचा जगातला अभ्यास मुख्यत्वे क्रिकेट, फुटबॉल, नौकानयन, जिम्नॅस्टिक्स यांचा आहे. चढाई आणि पकड करणाऱ्या कंबरेचा अभ्यास करायचा तर तो इथेच व्हायला हवा, आणि ठोकळे उडवण्याऐवजी चढाईच खेळायला लावणारा व्हीआर खेळही इथेच तयार व्हायला हवा.

सेवाग्रामच्या परिसरात यंत्राचा विचार करताना गांधीजींची आठवण टाळता येत नाही. त्यांचा यंत्राला सरसकट विरोध होता, असे सांगितले जाते. पण १९२४ साली याच विषयावर बोलताना त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता. यंत्राने माणसाचे अवयव निकामी करू नयेत, ही त्यांची कसोटी होती. व्हीआरला ती चपखल लागू पडते. ज्या हेडसेटमुळे मुलगी आठ आठवड्यांनी विनाहेडसेट मैदानात उतरते, तो कसोटीला उतरला. ज्याच्यामुळे तिला रोज यंत्राकडे यावेसे वाटते आणि घरी व्यायाम करावासा वाटत नाही, तो नापास.

मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. आजवरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, मोजक्या आठवड्यांचे आहेत, आणि प्रत्येकात यंत्र वेगळे, खेळ वेगळा. रुग्णाला आपल्याला हेडसेट मिळाला की नाही हे कळतेच, त्यामुळे नवलाईचा परिणाम आणि उपचाराचा परिणाम वेगळे काढणे अवघड जाते. काहींना हेडसेटमध्ये गरगरते, मळमळते. अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पंख्याखालीसुद्धा पाच मिनिटांत काचेवर वाफ धरते, आणि एका घामेजल्या हेडसेटमध्ये दहा चेहरे घालायचे तर प्रत्येक वेळी पुसणे आणि वेगळे अस्तर हवेच. यंत्राची किंमत आज एका चांगल्या मोबाईलएवढी आहे. महाग आहे तो त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा वेळ. तो वाचवण्यासाठी यंत्र घेणाऱ्यांनी ते घेऊ नये.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी कंबर आणि तिचे भार, मग भीती आणि तिचे मोजमाप, त्यानंतर साधने, सत्रांची आखणी, आणि शेवटी मैदानावर परतण्याच्या चाचण्या. यंत्र परवडत नसलेल्या शाळांसाठी आणि आखाड्यांसाठी प्रत्येक सत्राचा बिनयंत्राचा पर्याय दिला आहे : भिंतीवर खडूने काढलेली लक्ष्ये, दोरीला टांगलेला चेंडू, जमिनीवर मांडलेल्या टोप्या. उंची टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची, गुण मोजायचे, भीती विचारायची, ही पद्धत तीच राहते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी पुस्तक सुरुवातीपासून वाचावे. प्रशिक्षकांनी भीतीचे प्रकरण आणि शेवटच्या चाचण्या आधी वाचल्या तरी चालेल.

प्रशिक्षकांना, क्रीडाशिक्षकांना आणि भरतीच्या मुलांच्या पालकांना एक विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात व्यायाम आणि समुपदेशनाची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून खेळाडूची कंबर दोन-तीन आठवड्यांत सुटली नाही तर पट्ट्यावर पैसे घालवण्याआधी त्याला डॉक्टर आणि फिजिओकडे न्या. तिथे हेडसेट असेल तर उत्तम. नसला तर कंबरेला हात लावून तपासणारा आणि धीर देऊन वाकायला लावणारा फिजिओ पुरेसा आहे. त्याच्याशिवाय मात्र कोणतेही यंत्र पुरेसे नाही.